ठराव लोकांचा, लगाम मंत्रालयाचा

जळगाव व धुळे येथील नगरपालिका 2003 मध्ये महापालिका झाल्या. ठरावांवरील टांगती तलवार मात्र हटली नाही. नगरपालिकेचा ठराव कलम 308 अन्वये जिल्हाधिकारी थोपवू शकत. महापालिकेचा ठराव कलम 451 अन्वये राज्य शासन निलंबित करू शकते. बेकायदेशीर ठराव रोखलाच पाहिजे. परंतु लोकांना उपद्रव होण्याची नुसती शक्यताही या कलमांना पुरते. ती ठरविणार कोण? ज्याला त्या शहराच्या मतदारापुढे उभे राहावे लागत नाही तो!

या अधिकाराच्या समर्थनार्थ जळगावच्या घरकुल प्रकरणाचा दाखला दिला जाईल. पण तेव्हा कलम 308 होतेच. ते असूनही गैरव्यवहार झाला. फिर्याद 2006 मध्ये झाली आणि 2019 मध्ये 48 जणांना दोषी ठरविले ते धुळ्याच्या न्यायालयाने.

तेव्हा शासनाने केवळ कायदेशीरपणा तपासावा आणि ठराविक मुदतीत सकारण आदेश द्यावा. पैसा रस्त्यावर खर्चावा की दवाखान्यावर, हे सभागृहाने ठरवावे. 1993 मध्ये अमलात आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीला अभिप्रेत असलेले स्वराज्य याहून वेगळे नाही. कार्यकर्त्यांनी ही मागणी प्रभागाप्रभागांतून लावून धरली पाहिजे.