उजेड आधी, आवाज मागून

मराठीच्या मास्तराला वीज भेटते ती बहुधा कवितेत. कालिदासाने ती मेघाची पत्नी कल्पिली. तेव्हापासून आम्ही मंडळी तिचे कौतुकच करीत आलो. वर्गात मीही वीस वर्षे तेच केले. गेल्या ऑक्टोबरात मात्र ती मला कवितेबाहेर भेटली.

परीक्षा आटोपल्या होत्या. अकरा विद्यार्थ्यांना घेऊन मी कळसूबाईला निघालो. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. निघताना एका मुलाची आई दारापर्यंत आली. म्हणाली, "सर बरोबर आहेत ना, मग काळजी नाही." मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागते!

बारी गावात पोह्यांवर चहा आणि चहावर गप्पा, असे करता करता चढायला अकरा वाजले. आभाळ निळेभोर होते. ऑक्टोबर फसवतो तो इथेच. पाऊस परतीला लागलेला असतो, सकाळी ऊन रणरणते, तापलेली दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे बुरूज उभे राहतात.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे ताक विकणारे एक म्हातारबाबा आपला पसारा आवरीत होते. "मास्तर, माघारी फिरा. पलीकडं काळं आलंय."

"बाबा, अर्ध्या तासाचं तर काम!"

"इजंला तेवढाबी लागत नाही."

तोच आभाळ लखकन उजळले. आमच्यातला विज्ञान शाखेचा एक मुलगा मोठ्याने आकडे मोजू लागला. नवाला गडगडाट झाला. "सर, तीन किलोमीटर!" आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, हा त्याचा हिशेब. तीस मोजायच्या आत गडगडले, तर आपण विजेच्या टप्प्यात आलो असे समजावे, हेही त्यानेच सांगितले. खरे सांगतो, एवढे ऐकूनही माझ्या मनात पहिल्यांदा आले ते हेच : इथवर येऊन परत फिरायचे?

आणि मग दिसले की, त्या माउलीचा मुलगा पुढे जाऊन शिडीवर चढलासुद्धा. मी हाका मारल्या. वाऱ्यात त्या कुठे पोचणार? त्याला वाटले, सर शाबासकी देताहेत. त्याने हात हलवला! लोखंड विजेला बोलावून आणत नाही, पण आलेली वीज ते सरसर वाहून नेते. मी धावत जाऊन शिडीखालून त्याला उतरवले. ती दोन मिनिटे माझ्या आयुष्यातली फार लांब मिनिटे आहेत.

एकमेकांत अंतर ठेवून आम्ही घाईने खाली निघालो. पंधरा मिनिटांनी शिखराच्या अंगाला वीज पडली. त्या वेळी उजेड आणि आवाज यांच्यामध्ये मोजायला काही उरले नव्हते.

घरी आल्यावर हा मास्तर विद्यार्थी झाला. २०२१ च्या ११ जुलैला जयपूरजवळ आमेरच्या टेकडीवरील बुरुजावर पाऊस पाहायला गेलेली किमान ११ माणसे विजेने गेली, हे मी तेव्हा नीट वाचले. एकटे झाड, उघडी छपरी, उथळ गुहेचे तोंड हे आसरे नव्हेत. खरा आसरा पक्के घर, नाहीतर बंद मोटारगाडी. पडलेली वीज जमिनीतूनही पसरते, म्हणून आडवे पडू नये. उतरायला वाटच नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसावे. पण तो अगदी शेवटचा उपाय, त्याचा भरवसा नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. आणि एखाद्यावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला भिऊ नये, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल, तर तत्क्षणी छाती दाबू लागावे. अशी माणसे पुष्कळदा परत येतात.

पण या साऱ्याहून मोठा उपाय म्हणजे माघार, आणि ती घरीच ठरवावी लागते. शिखर समोर दिसू लागले की माणसाची अक्कल पायांत उतरते.

या वर्षी आम्ही पहाटे चढायला लागणार आहोत. परवा तीच माउली भेटली. "सर, यंदाही तुम्ही आहात ना बरोबर?"

या खेपेला मी मान डोलावली नाही. म्हटले, "आहे, ताई. पण बाराच्या आत शिखर गाठले नाही, तर न गाठताच परत येऊ. चालेल ना?"

ती हसली. म्हणाली, "पोरं परत आली, की शिखर आलंच हो."