पिल्लांच्या खाद्यात कच्चे सोयाबीन : स्वस्त की महाग?

आमचा कारोबार कोऱ्या कापडाचा. मग कोंबडीच्या खाद्यावर आम्ही का लिहावे, असा प्रश्न वाचक बंधूंना पडेल. कारण असे की, यंत्रमागाला मंदी आली की आमच्याकडे कारखानदारांची उरलीसुरली रक्कम कोंबडीच्या शेडकडे वळते. कोणी कंपनीशी करार करतो. त्याला पिल्ले आणि खाद्य दोन्ही कंपनीच देते. कोणी स्वतःच्या हिमतीवर धंदा करतो, खाद्यही स्वतःच मिसळतो. हे लिहितो आहोत ते या दुसऱ्या प्रकारच्या लोकांसाठी.

आमचा भाचा त्यांच्यापैकीच. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा सरकारी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात माल त्याच्याखाली विकला जात होता. भाच्याने हिशेब मांडला. सोयाबीनच्या दाण्यात १८ ते २० टक्के तेल आणि ३८ ते ४० टक्के प्रथिने असतात. कारखाना त्यातले तेल काढून घेतो आणि पेंड आपल्याला विकतो. मग खाद्याला ताकद यावी म्हणून आपण पुन्हा तेल विकत घेऊन वरून ओततो. "मामू, तेल दाण्यातच आहे. दाणाच दळून घातला तर दोन्हीकडचा नफा आपला," असे तो म्हणाला. तीस वर्षे व्यापार केलेल्या आम्हालाही तो हिशेब बिनचूक वाटला आणि आम्ही मान डोलावली. दाणे गिरणीत भरडले, मक्यात मिसळले आणि पहिल्या दिवसापासून पिल्लांपुढे टाकले.

दोन आठवड्यांत पिल्ले लहानमोठी दिसू लागली. खालचे तूस ओले आणि चिकट राहू लागले. खाद्य तर रोज संपत होते, पण काट्यावर वजन येत नव्हते. भाच्याने पाणी बदलले, औषधे आणली. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेले एक पिल्लू उघडले, फुगलेले स्वादुपिंड दाखवले आणि एकच गोष्ट विचारली : दाणा शिजवला होता का?

त्यांनी जे समजावले आणि नंतर आम्ही स्वतः जे वाचून काढले, ते थोडक्यात असे. सोयाबीनच्या कच्च्या दाण्यात काही प्रथिने अशी असतात की ती आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक रसाला कुलूप लावतात. ट्रिप्सिन कमी पडले, असा निरोप शरीराला जातो. मग स्वादुपिंड जास्त रस सोडते, जास्त राबते आणि राबून राबून मोठे होते. इथवरची हकीकत प्रथिनांची झाली आणि ती बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. तेलाची हकीकत मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि भाच्याचा सगळा हिशेब तर तेलावरच उभा होता.

तेल पाण्यात विरघळत नाही. ते आतड्यात बारीक थेंबांत फुटावे लागते आणि हे काम पित्त करते. त्यानंतरच लायपेज नावाचा रस त्या थेंबांवर काम करू शकतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाकडे हे दोन्ही बेताचेच असते. अंड्यातला उरलेला बलक त्याला पहिले काही दिवस पुरतो, आणि दाण्यातले तेल पचवण्याची ताकद पुढच्या दोन-तीन आठवड्यांत हळूहळू येते. पित्ताचा साठाही शरीर काटकसरीने वापरते. आतड्याच्या शेवटाला पोचलेले पित्त पुन्हा शोषून घेतले जाते आणि फिरून कामाला लागते. कच्च्या सोयाबीनने ही काटकसर मोडते. पित्त कमी पडते, नवे तितक्या वेगाने तयार होत नाही, आणि न पचलेले तेल विष्ठेबरोबर तुसात जाते. त्याच्यासोबत तेलात विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही जातात. म्हणजे दाण्यातले जे तेल फुकट मिळाले म्हणून आम्ही खूश होतो, ते पिल्लाच्या अंगी लागतच नव्हते.

ही काही नवी बाब नव्हे. शिजवलेल्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढतात आणि कच्च्यावर वाढत नाहीत, हे अमेरिकेत ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवले होते. पिल्लांच्या चरबीचा तपास पुढे कॉर्नेल विद्यापीठात नेशीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. कच्च्या सोयाबीनने लहान पिल्लांत चरबीचे शोषण घटते, हे त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केले. १९६५ मध्ये खाद्यात पित्ताचे क्षार मिसळून पाहिले, तर शोषण सुधारले. वय वाढते तसा हा परिणाम कमी होतो. यामुळेच माणूस फसतो. महिनाभराच्या पक्ष्याने कच्चा भरडा खाऊन फारशी तक्रार केली नाही, की तोच भरडा चार दिवसांच्या पिल्लालाही चालेल असे त्याला वाटते.

आता मुद्दा शिजवण्याचा. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी सायझिंगचे काम पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. खळ कच्ची राहिली तर ती सुतावर धरत नाही, आणि जास्त शिजली तर पातळ होऊन तिची पकड जाते. दोन्ही वेळा मागावर धागा तुटतो आणि शिव्या बिचाऱ्या सुताला. सोयाबीनचे तसेच आहे. ते कुलूप लावणारे प्रथिन उष्णतेने मोडते. कोरड्या उष्णतेपेक्षा ओली उष्णता हे काम लवकर आणि सारखे करते. कढईत भाजलेला दाणा वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो. तेल काढणाऱ्या चांगल्या कारखान्यात पेंडीतले हेक्झेन वाफेने उडवतात, त्या वेळीच तिला शेक मिळतो. म्हणजे पेंडीच्या भावात आपण त्या शेकाचे पैसे दिलेले असतात. तेलासकट दाणाच घालायचा असेल तर तो एक्स्ट्रूडरमधून साधारण १३० ते १४० अंशांवर काढून घ्यावा. ते काम होते, पण त्याची मजुरी हिशेबात धरावी लागते. आम्ही ती धरली नव्हती.

उलट बाजूची चूकही तितकीच महाग आहे, आणि ती कारखान्यात होते. जास्त शेकलेल्या पेंडीत लायसिन अडकून पडते. पेंडीवर प्रथिनांचा आकडा पूर्वीइतकाच दिसतो, पण पक्ष्याला त्यातले कमी मिळते. ताकद भरपूर आणि कामाचे प्रथिन थोडे, अशी स्थिती झाली की मांस भरत नाही आणि पोटात चरबी साठते. मटण-चिकनच्या दुकानदार बंधूंनी ही पिवळी चरबी पाहिली असेल. ती काढून फेकावी लागते आणि गिऱ्हाईक तिचे पैसे देत नाही. पोटातल्या चरबीला इतरही कारणे असतात, पण करपलेली पेंड हे त्यातले एक आहे. एकूण पाहता कच्च्या मालात चरबी पक्ष्याच्या अंगी लागत नाही, आणि करपलेल्या मालात ती नको तिथे बसते.

परख कशी करावी? आपण कापड बोटाने पारखतो, पेंड तशी पारखता येत नाही. रंगावर थोडेफार कळते, पण त्यावर सौदा करू नये. युरियाच्या पाण्यात फिनॉल रेड टाकून ते बशीत पसरलेल्या पेंडीवर ओतावे. पाच मिनिटांत सगळी बशी लाल झाली तर माल कच्चा. तुरळक लाल ठिपके दिसले तर ठीक. अर्ध्या तासानेही एक ठिपका उठला नाही तर माल जास्त शेकल्याचा संशय घ्यावा. यात जो पदार्थ पकडला जातो तो युरिएज, आणि तो स्वतः पिल्लाचे काही बिघडवत नाही. उष्णतेने तो साधारण त्या कुलुपाच्याच बरोबरीने मोडतो, म्हणून त्याला साक्षीदार धरतात. प्रयोगशाळेत हाच आकडा ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान असावा असे सांगतात. पण माल किती करपला ते हा साक्षीदार सांगू शकत नाही. त्यासाठी पोटॅशच्या पाण्यात प्रथिन किती विरघळते ते पाहतात. ८५ टक्क्यांच्या वर गेले तर शेक कमी, ७० च्या खाली आले तर जास्त.

आमचे म्हणणे असे की, पेंडीच्या बिलावर प्रथिनांच्या टक्क्यांबरोबर हे दोन आकडेही मागावेत. व्यापारी कुरकुर करील. आम्हीही कापडाच्या बिलावर ताण्याबाण्याचा नंबर लिहिताना कधी काळी कुरकुर केलीच होती. गिऱ्हाइकांनी मिळून आग्रह धरला तेव्हा लिहू लागलो. एकट्या शेडवाल्याला प्रत्येक लॉटची तपासणी परवडणार नाही, हे खरे. पण एका गावातल्या आठ-दहा जणांनी एकाच गाडीतून माल घेतला आणि एकच नमुना पाठवला तर पोत्यामागे खर्च नावालाच पडतो. आणि जिथे काटकसर करणे भागच असेल तिथे ती मोठ्या पक्ष्याच्या खाद्यात करावी. पहिल्या तीन आठवड्यांचे खाद्य एकूण खाद्याच्या मानाने थोडेच लागते. तेवढे तरी शिजलेले आणि तपासलेले घ्यावे.

भाच्याची ती बॅच तोट्यात गेली, आणि मान डोलावल्याबद्दल त्यातला काही भाग आम्ही उचलला. उरलेला कच्चा भरडा अजून गोदामात पडून आहे. तो एक्स्ट्रूडरवर नेण्याचा भाव आता तो काढतो आहे.