ॲप वाईट नाही, पण ते माझं ऐकत नाही!

थोडं लांबलचक झालंय, पण नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं वाटतं.

परवा रात्री मित्राचा मुलगा घरी आला. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत फेटलिंगला आहे. मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, हे बघा. माझे दोन खाडे लावलेत. दोन्ही दिवस मी पूर्ण शिफ्ट केलीय."

दिवसभर ग्राइंडर धरून याच्या बोटांचे ठसे झिजलेत. आधीचं अंगठ्याचं मशीन त्याला रोज चार-चार वेळा नाकारायचं. म्हणून कंपनीने मोबाईलवरचं ॲप आणलं. गेटच्या आत यायचं, चेहरा दाखवायचा, लोकेशन जुळलं की हजेरी लागली. त्या दोन दिवशी पत्र्याच्या शेडखाली लोकेशन जुळलं नाही. ॲपने सरळ खाडा मांडला. सुपरवायझर म्हणतो, "तू होतास हे मला माहीत आहे, पण आता माझ्या हातात काही नाही." एचआर म्हणतं, "तिकीट टाक." तिकीट इंग्रजीत. तीन दिवसांनी उत्तर आलं, 'क्लोज्ड'. झालं! दोन दिवसांचा पगार गेला.

मी म्हटलं, मग ॲपच नको का? तर म्हणाला, "तसं नाही काका. पगाराची स्लिप फोनवर येते, शिल्लक रजा दिसते. आधी स्लिपसाठी क्लार्कच्या मागे फिरायला लागायचं. ॲप वाईट नाही, पण ते माझं ऐकत नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. कारण मी स्वतः बावीस वर्षं टाईम ऑफिसात काढलीत. जुनं मस्टर काही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. मित्राचं कार्ड पंच करणारे होते. चहा पाजणाऱ्याचा लेटमार्क विसरणारे क्लार्क होते. ओटीचे तास कमी मांडून 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे पण होते. त्यामुळे सॉफ्टवेअर आलं ते बरंच झालं, असं माझं मत आहे. पण मस्टरमध्ये एक गोष्ट होती. चूक झाली तर कामगार खिडकीशी यायचा, भांडायचा, आणि लाल पेनने दुरुस्ती होऊन समोर सही व्हायची. ती खिडकी आपण बंद केली आणि तिच्या जागी 'सबमिट'चं बटण लावलं.

मॅनेजमेंटकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपल्या लोकांना बदल नको असतो." मला हे पटत नाही. हीच माणसं भाजीवाल्याला फोनवरून पैसे देतात, रेल्वेचं तिकीट काढतात. त्याचं ट्रेनिंग त्यांना कुणी दिलं? अमेरिकेतले अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्येच यावर संशोधन मांडलं होतं. माणूस नवी यंत्रणा स्वीकारतो ती दोन गोष्टी बघून: आपल्याला तिचा उपयोग किती आणि वापरायला सोपी किती. त्यातही उपयोगाचं वजन जास्त. आपल्याकडे मात्र ट्रेनिंग म्हणजे कुठलं बटण दाबायचं एवढंच. 'यात माझा काय फायदा?' या प्रश्नाला उत्तर नाही.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये अंगणवाडी सेविकांना सरकारने मोबाईल दिले. २०२१ मध्ये त्यावर पोषण ट्रॅकर भरायची सक्ती झाली. फोन हँग व्हायचे आणि ॲपमध्ये मराठी नव्हती. त्या ऑगस्टमध्ये हजारो सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत केले. या ताईंना तंत्रज्ञान नको होतं का? अजिबात नाही. त्यांना चालणारा फोन आणि आपली भाषा हवी होती.

याच्या उलट बँकांचं बघा. ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर म्हटलं की बँक कर्मचारी रस्त्यावर उतरायचे, नोकऱ्या जातील ही भीती होती. पण १९८३ मध्ये संघटना आणि इंडियन बँक्स असोसिएशन समोरासमोर बसले आणि यंत्रं आणण्याबाबत करार झाला. पुढे आणखी करार झाले. वेळ लागला, वाद झाले. पण आज त्याच बँकेत दहा मिनिटं सर्व्हर बंद पडला तर कर्मचारीच हवालदिल होतात. आधी बोलणी झाली, म्हणून मशीन पचलं.

आता मुद्द्याचं. कुठलीही कंपनी, शाळा, नगरपालिका हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर आणत असेल, तर निदान एवढं करावं:

१. पहिले दोन महिने जुनी आणि नवी पद्धत बरोबर चालवा. त्या काळात ॲपच्या भरवशावर कुणाचा एक रुपया कापू नका.

२. पगार काढायच्या आधी प्रत्येकाला त्याची महिन्याची हजेरी मराठीत दाखवा आणि हरकत घ्यायला तीन दिवस द्या.

३. चूक दुरुस्त करायचा अधिकार शॉपवरच्या एका माणसाला द्या. त्याचं नाव आणि नंबर नोटीस बोर्डावर लावा.

४. साहेबांनाही तेच ॲप. शिपाई चेहरा दाखवतो आणि साहेब गाडीतून सरळ केबिनमध्ये, असं असेल तर कुणीही मनापासून स्वीकारणार नाही.

आणि एक लक्षात ठेवा. जेवढा वेळ माणूस कामावर नव्हता, त्या प्रमाणातच पगार कापता येतो, हे तत्त्व १९३६ च्या वेतन कायद्यापासून आहे. कामावर असलेल्या माणसाचा पगार 'सिस्टीमने कापला' म्हणून तो कायदेशीर होत नाही. सिस्टीमला नियम कुणीतरी माणसानेच शिकवलेला असतो.

काही उद्योजक मित्र म्हणतील, एवढं कुणी करत बसायचं? मग हिशेब करा. एक खाडा चुकीचा लागला की तो माणूस दिवसभर काम सोडून एचआरच्या दारात उभा राहतो, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या शॉपचा त्या ॲपवरचा विश्वास उडालेला असतो. तो परत आणायला कुठल्या व्हेंडरकडे अपडेट मिळत नाही.

त्या पोराला मी सांगितलं, साध्या कागदावर मराठीत अर्ज लिही. दोन्ही दिवसांचं प्रोडक्शन लिही, सुपरवायझरची सही घे, ऑफिसात दे आणि पोच घ्यायला विसरू नको. सुपरवायझर सही द्यायला तयार झालाय. बघू, या महिन्याच्या पगारात दोन दिवस परत येतात का. आले तर इथे कळवीन, नाही आले तरी कळवीन.

तुमच्याकडे काय परिस्थिती आहे? कंपनीचं नाव नको, अनुभव लिहा. एचआरमधल्या मित्रांनीही लिहा, तुमची बाजू ऐकायला आवडेल.