यात्रेची सुपारी देण्याआधी पोरांना विचारा

कोयनानगर, हेळवाक, रासाटी, मिरगाव, हुंबरळी आणि कोयना खोऱ्यातल्या सगळ्या वाड्यावस्त्यांच्या यात्रा कमिट्यांना, तरुण मंडळांना आणि मुंबई-पुण्यातल्या गावकऱ्यांना ही कळकळीची विनंती आहे. यात्रांच्या बैठका बसतील, घरटी पट्टी ठरेल आणि तमाशाची किंवा ऑर्केस्ट्राची सुपारी जाईल. ती जाण्याआधी एक संध्याकाळ गावातल्या सोळा ते पंचवीस वयाच्या पोरापोरींना समोर बसवा आणि सरळ विचारा: या कार्यक्रमांचा गावाला उपयोग होतो का?

मांडव घालायला, खुर्च्या उचलायला, पट्टी मागत दारोदार फिरायला हीच पोरं लागतात. पैसा कशावर घालायचा हे मात्र त्यांना कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर एकच येणार नाही. एखादा म्हणेल, यात्रा आहे म्हणून मुंबईकर गावात येतो, बंद घराचं कुलूप निघतं, चार दिवस दुकानांत गिऱ्हाईक दिसतं. हा उपयोग नाही तर काय? दुसरा म्हणेल, डीजेच्या भिंती बाहेरच्या, कलाकार बाहेरचे, पैसाही बाहेर गेला. गावाला उरले पत्रावळींचे ढीग आणि भांडणं. आणि मुली? कार्यक्रम रंगात येतो तेव्हा त्यांना घरी पाठवलेलं असतं. त्यांचं मत तर पहिल्यांदा ऐकायला हवं.

तमाशाला मी नावं ठेवत नाही. फडाच्या जिवावर कितीतरी घरांच्या चुली पेटतात, आणि वर्षातून एकदा मनसोक्त हसण्याचा हक्क गावाला आहेच. पण सगळी पट्टी विकत आणलेल्या करमणुकीवर गेली, तर धनगरवाड्यावरचा गजीढोल, शाळेतलं लेझीम आणि देवळातलं भजन यांना नवे हात मिळणार कुठून? माझं मत स्पष्ट आहे: ज्या कार्यक्रमात गावातली पोरं महिना-दोन महिने तालीम करतात, त्याचाच गावाला खरा फायदा होतो. पोरांचं मत वेगळं निघालं तर तेही ऐकून घ्यावं.

घाई करण्याचं कारण आणखी मोठं आहे. कोयनेच्या धरणाने शंभराच्या आसपास गावं उठवली. माणसं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूरपर्यंत पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज सत्तरीच्या घरात आहे. गाव सोडून निघालेल्या बैलगाड्या आठवणारे तर त्याहून म्हातारे. त्यांच्याकडची हकीकत, ओव्या, बुडालेल्या शिवारांची नावं अजून कुणी नीट टिपून ठेवली नसतील, तर ती त्यांच्याबरोबरच जातील. जुलै २०२१ मध्ये मिरगाव, ढोकावळे, आंबेघरला दरडी कोसळल्या. ते तर आजच्या पोरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. या खोऱ्याला सांगायला केवढं आहे, आणि रंगमंचावर मात्र दरवर्षी तीच सिनेमाची गाणी!

म्हणून मागणं एवढंच. यंदाच्या पट्टीतला निदान चौथा वाटा पोरापोरींच्या हाती द्या. मोबाईल प्रत्येकाकडे आहे. आजी-आजोबांचं बोलणं त्यावर टिपून घेऊ द्या. त्यातून नाटुकलं, पोवाडा, प्रदर्शन, जे सुचेल ते उभं करू द्या, आणि ११ डिसेंबरच्या संध्याकाळी ते गावापुढे होऊ द्या. खर्चाचा हिशोब त्यांनीच लिहावा आणि चावडीवर लावावा. फसले तर फसले. आपल्याही किती सुपाऱ्या वाया गेल्या, हे कमिटीच्या जुन्या वह्यांत आहेच.

मुंबईकर मंडळांनी देणगी पाठवताना हीच अट घालावी. गावातल्या कारभाऱ्यांनी याच आठवड्यात बैठकीची तारीख फळ्यावर लिहावी, वेळ मुलींना उजेडात घरी पोचता येईल अशी ठेवावी, आणि सुपारी त्यानंतरच द्यावी.