यमद्वितीयेचे जेवण

कार्तिक शुद्ध द्वितीयेस आपण भाऊबीज म्हणतो. धर्मग्रंथांत तिचे नाव यमद्वितीया असे आहे. या दिवशी यमुनेने आपला भाऊ यम यास घरी बोलावून आदराने जेऊ घातले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. परंतु त्या कथेवरून शास्त्रकारांनी जो विधी सांगितला, त्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्ये यांनी, १७९० च्या सुमारास रचलेला 'धर्मसिंधु' उघडून पाहावा. पुरुषाने त्या दिवशी आपल्या घरी जेवू नये, बहिणीच्या हातचे अन्न सेवन करावे आणि तिचा वस्त्रादिकांनी सत्कार करावा, असा त्याचा आशय आहे. सख्खी बहीण नसेल तर तो मान मित्रादिकांच्या बहिणीला. म्हणजे 'बहीण' या शब्दाची कक्षा शास्त्राने रुंदावत नेली आहे. ती आखडलेली नाही.

हे सविस्तर सांगण्यास कारण घडले ते मांजरसुंब्यास. मांजरसुंबा हे चौफुलीचे गाव. धुळे-सोलापूर महामार्ग येथून जातो. एका अंगाने केज-अंबाजोगाईचा रस्ता, दुसऱ्या अंगाने पाटोदा-जामखेडवरून नगरचा. जवळच कपिलधार, श्रीमन्मथस्वामींचे समाधिस्थान. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला दिंड्या निघतात तेव्हा या परिसरातली घरे पाहुण्यांना पुरत नाहीत. अशाच दिवसांत आमचे कीर्तन आटोपल्यावर एक गृहस्थ मंडपात मागे रेंगाळले. बहीण नगरला रुग्णालयात परिचारिका. तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेव्हापासून चार भाऊबिजा कोरड्या गेल्या. घरात तिचे नाव काढायचे नाही असा दंडक. आई मात्र दर दिवाळीला चार करंज्या डब्यात बाजूला ठेवते आणि त्या कोणासाठी, हे सांगत नाही. गृहस्थांनी खाली पाहत विचारले, "महाराज, तिच्या हातचं खावं का?"

आमचे उत्तर : खावे.

धर्म बदलला म्हणजे नाते तुटले, असे मानणारी मंडळी घटस्फोटाच्या विधीकडे बोट दाखवतात. (आजचा कोर्टातला घटस्फोट नव्हे, पतिताच्या नावाने पाण्याचा घडा लवंडून त्याला जिवंतपणीच मेला असे ठरवण्याचा जुना विधी.) परंतु मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात जेथे हा विधी आहे, तेथेच त्या माणसाला परत घेण्याचाही विधी आहे, आणि लगेच पुढे स्त्रियांविषयी असे विधान आहे की, पतित ठरलेल्या स्त्रीलाही वस्त्र, अन्न, पाणी द्यावे आणि घराजवळ राहू द्यावे. आम्ही त्या मुलीस पतित समजत नाही. पण जे समजतात, त्यांनी निदान पुढचा श्लोक तरी वाचावा! अर्धा अध्याय वाचून माणसे तोडायची आणि त्याला शास्त्र म्हणायचे, ही खोड जुनी आहे.

किती जुनी, ते मुंबईतील १८४३ च्या प्रकरणावरून दिसते. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण त्या वर्षी ख्रिस्ती झाला. पुढे जालन्यात मिशनचे मोठे काम उभे करणारे ते हेच. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. तो अज्ञान असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मुलगा घरी आला, पण त्याने मिशनऱ्यांकडचे अन्न खाल्ले होते. जातीत घ्यावा कसा? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावा असा पक्ष उचलला, तो शास्त्राच्याच आधाराने, आणि त्यासाठी सनातन मंडळींचा रोष ओढवून घेतला. बाप मुलाला मागतो आहे, मुलगा दाराशी आला आहे, आणि वाद कशाचा, तर त्याच्या पोटात गेलेल्या अन्नाचा.

याच अन्नाने एका मराठी संसाराची काय दशा केली, ते लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. नारायण वामन टिळक हे संस्कृतात व्युत्पन्न, कवी, शिवाय कीर्तनकार. म्हणजे आमच्याच गादीवरचे गृहस्थ. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीस विश्वासात न घेता त्यांनी हे केले, ही गोष्ट आम्हांस आजही खटकते. ज्या बाईने संसाराचे सारे हाल सोसले, तिला ही वार्ता इतरांकडून कळावी, हे बरे झाले नाही. पुढची काही वर्षे दोघे वेगळी राहिली. पण पत्रे थांबली नाहीत. लक्ष्मीबाई नगरला आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे कायम होते, आणि टिळकांनी त्यांच्यावर धर्मासाठी जबरदस्ती केली नाही. एका संसारात दोन धर्म आणि दोन चुली! जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्या बाईने स्वतःच्या डोक्याने केला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा निर्णय आपला नव्हे. पण सोवळे पाळणाऱ्या बाईच्या जिवाची घालमेल इतक्या खरेपणाने, इतक्या विनोदाने, स्वतःलाही न सोडता सांगणारे दुसरे पुस्तक मराठीत आमच्या पाहण्यात नाही. हे पुस्तक ख्रिस्ती बाईचे म्हणून ज्या घरांत आले नाही, त्या घरांनी आपलेच नुकसान केले.

टिळकांची आणखी एक बाजू. ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी टाळ-वीणा टाकली नाही; अभंग रचले, कीर्तने केली, आणि तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते मानीत. बालकवी ठोंबरे याच टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले. १९१८ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते अपघातात गेले, तोवर ते हिंदूच होते.

हे येथे मुद्दाम लिहितो, कारण मांजरसुंब्याच्या गृहस्थांची दुसरी भीती हीच होती : मुलांना आत्याकडे नेले आणि ती बाटली तर? ज्या घरात रोज हरिपाठ होतो, ते घर एका दिवसाच्या जेवणाने ढासळणार असेल, तर दोष आत्याच्या स्वयंपाकाचा नव्हे. आपला हरिपाठ ओठांपुरता आहे, एवढेच त्याचे निदान. फसवून, आमिष दाखवून कोणी धर्म बदलवीत असेल तर त्याला विरोध जरूर करावा. पण ही मुलगी कमावती, शहाणी. तिने जे केले ते विचाराने केले. तिच्या नव्या धर्मातही मुख्य संस्कार कोणता, तर एका पंक्तीला बसून भाकर वाटून घेणे. ज्यांच्याबरोबर जेवू नये असा लोकांचा दंडक होता, त्यांच्याच घरी येशू ख्रिस्त जेवायला बसला, असे त्यांचे ग्रंथ सांगतात. आम्हांस हे वाचताना पैठण आठवते. महिपतींनी वर्णिलेले नाथ अंत्यज मानलेल्यांच्या घरी पानावर बसले, तेव्हा गोदाकाठची विद्वत्सभा जे बोलली, तेच शब्द आज आपण भावाच्या तोंडी घालणार काय?

त्या गृहस्थांचा शेवटचा प्रश्न व्यवहाराचा होता. ती ओवाळणार नसेल तर? ओवाळावे की नाही, हे तिच्या श्रद्धेवर सोडावे. यमद्वितीयेच्या विधीत मुख्य आहे ते भोजन; तिने पान वाढले आणि भाऊ जेवला की तिथी साजरी झाली. वृद्ध आईचे सोवळे कडक असेल, तर तिने पहिल्या वर्षी तळणीचेच पदार्थ घ्यावेत. तुपातल्या पक्वान्नाला आपल्या आजीबाई पूर्वीपासून सवलत देत आल्या आहेत. भावाने मात्र वरण-भातच खावा. जाताना साडी न्यावी, आईच्या डब्यातल्या करंज्या न्याव्यात. हळदीकुंकवाची पुडी न्यावी की न न्यावी, ते तिला आधी पत्राने किंवा फोनवर विचारून घ्यावे.