नाचणीला कौतुकापेक्षा खेळत्या भांडवलाची गरज

म्हैसूर-नंजनगूड मार्गावरील कडकोळ येथे रेल्वे स्थानक व औद्योगिक वसाहत आहे. केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था १९५० पासून जवळच म्हैसूरमध्ये कार्यरत आहे. देशातील निम्म्याहून अधिक नाचणी कर्नाटकातच पिकते. धान्य, रस्ता आणि तंत्रज्ञान हाताशी असताना नाचणीवरील ग्रामीण उद्योगांना बळ का मिळत नाही, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

तांत्रिक अडचण एकेकाळी मोठी होती. नाचणीची साल आतल्या मऊ भागाला घट्ट चिकटलेली असते. तांदळाप्रमाणे सडू गेल्यास दाण्याचा चुरा होतो. दाणे भिजवून, वाफवून आणि वाळवून आतला भाग कठीण करण्याची पद्धत म्हैसूरच्या संस्थेने विकसित केली. त्यानंतर साल काढलेली नाचणी भातासारखी शिजवता येऊ लागली. शिवाय बाजरीच्या पिठाप्रमाणे नाचणीचे पीठ लवकर कडवट होत नाही. लहान उद्योजकाला ही गोष्ट मोलाची आहे.

खरी कोंडी पैशाची आहे. २०१३-१४ मध्ये क्विंटलला १५०० रुपये असलेली आधारभूत किंमत २०२५-२६ साठी ४८८६ रुपये करण्यात आली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वाढ न्याय्यच होय. मात्र सुगीच्या दिवसांत वर्षभराचा साठा करू पाहणाऱ्या बचत गटाचे १०० क्विंटलमागे जवळजवळ ४ लाख ९० हजार रुपये अडकून पडतात. केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सदस्यामागे कमाल ४० हजार रुपये बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. दहा जणींच्या गटाची ती सारी रक्कम ८२ क्विंटलही न घेता संपते. वेष्टन, वीज आणि मजुरीचा खर्च वेगळाच.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. शहरांतील दुकानांत आकर्षक पाकिटे आली. पण ही हौशी मागणी आहे. तिच्या भरवशावर गावातले यंत्र बारा महिने चालत नाही. त्यासाठी नियमित ग्राहक लागतो. ओडिशातील केओंझर जिल्ह्यात २०२० मध्ये अंगणवाडीतील मुलांना नाचणीचे लाडू देण्यास सुरुवात झाली आणि ते वळण्याचे काम महिला बचत गटांकडे आले. कर्नाटक सरकारही नाचणी खरेदी करून शिधापत्रिकेवर देते, परंतु ती धान्याच्या रूपात. त्यात प्रक्रियेचा मोबदला गावाला मिळत नाही.

कोकण व कोल्हापूरच्या डोंगराळ भागात नाचणी पिकवणाऱ्या महाराष्ट्राला हा विषय परका नाही. अंगणवाड्यांच्या पोषण आहाराच्या राज्यातील निविदा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये रद्द केल्या. त्यातील अटींमुळे लहान बचत गट स्पर्धेबाहेर राहत होते, हेच त्या वादाचे मूळ होते.