बिडी ओढणाऱ्याचा पक्का दात

सेनगावकडच्या एका शेतकऱ्याचा रक्तदाब मी काही वर्षांपासून तपासतो. वय पन्नाशीच्या आतलं. गेल्या उन्हाळ्यात हळदीच्या पैशातून त्यांनी शहरात जाऊन वरच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवून घेतले. पाच महिन्यांनी माझ्या ओपीडीत आले तेव्हा त्यातला एक जिभेनं ढकलला तरी हलत होता. बिडीबद्दल तिथं सांगितलं होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सिगारेट ओढता का म्हणून विचारलं होतं साहेब, मी नाही म्हणलो. सिगारेट कुठं ओढतो मी? बिडी ओढतो." दिवसाला एक बंडल.

मी दातांचा डॉक्टर नाही. पण सरकारी दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर माझं असं मत झालं आहे की, आपल्या भागात हा प्रश्न चुकीच्या शब्दांत विचारला जातो आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर नंतर दात चढवतात. हाड टायटॅनियमला घट्ट धरून वाढतं, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांच्या १९५२ मध्ये लक्षात आलं आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. स्क्रू आणि हाड यांच्यामध्ये सिमेंट नसतं. हाडानंच स्क्रूला धरायचं असतं आणि त्याला साधारण तीन ते सहा महिने लागतात. नेमक्या या काळात निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात. रोप लावायचं आणि पाण्याच्या पाळ्या चुकवायच्या, तसंच हे. वरच्या जबड्याचं हाड मुळातच पोकळ, जाळीदार असतं, त्यामुळे तिथं फटका जास्त.

१९९३ मध्ये बेन आणि मॉय या संशोधकांनी २,१९४ इम्प्लांटचा हिशेब मांडला. धूम्रपान न करणाऱ्यांत ४.७६ टक्के निकामी झाले, करणाऱ्यांत ११.२८ टक्के. म्हणजे धूम्रपान करणाऱ्यांचेही दहातले जवळपास नऊ टिकले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. "तुम्हाला बसणारच नाही" असं कुणाला सांगू नये. पण धोका दुपटीहून जास्त आहे, हे पैसे भरण्याआधी कळणं हा पेशंटचा हक्क आहे. पहिले सहा महिने निभावले तरी पुढं इम्प्लांटभोवतीच्या हिरडीत जंतुसंसर्ग होऊन हाड झिजू शकतं. निकोटीनमुळे हिरडीतून रक्त कमी येतं, त्यामुळे बिघाडाची पहिली खूणच झाकली जाते.

आता प्रश्नाबद्दल. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. केसपेपरवर 'स्मोकिंग: नाही' लिहिलं की हा मोठा गट सुटतो. मिशरी लावणारी मावशी तंबाखूच्या प्रश्नाला मनापासून 'नाही' म्हणते, कारण तिच्या लेखी ते दात घासणं आहे. तंबाखू-चुन्याची गोळी जिथं रोज धरतात तिथली हिरडी खाली सरकते. गुटख्यातल्या सुपारीनं तर तोंड इतकं आखडतं की दाढेपर्यंत हत्यार पोचत नाही. (गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे; टपरीवर काय मिळतं ते वाचकांना माहीत आहे.) आणि बिडी म्हणजे सौम्य सिगारेट नव्हे. तिला फिल्टर नाही, ती विझू नये म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते.

म्हणून बिडी, तंबाखू, गुटखा, मिशरी अशी नावं घेऊनच विचारावं, आणि उत्तर 'हो' आलं तर स्क्रूची तारीख पुढं ढकलावी. बेन यांनी पुढं सुचवलं होतं की, आठवडाभर आधी आणि नंतर आठ आठवडे धूम्रपान बंद ठेवावं. मला हे किमान वाटतं. "थांबा म्हटलं की पेशंट शेजारच्या क्लिनिकमध्ये जातो," असं एका तरुण दंतवैद्यानं मला सांगितलं. खरं आहे. पण निकामी स्क्रू काढताना आजूबाजूचं हाडही जातं आणि दुसरा बसवणं आणखी अवघड होतं. ज्याला थांबणं जमत नाही त्याला चांगली कवळी करून द्यावी. कवळीची लाज आपल्याकडे उगाचच फार आहे. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. तो पाकिटावरच छापलेला असतो, पण फोन केलेला माणूस मला क्वचितच भेटतो.

आमच्या शेतकऱ्याचा सैल स्क्रू काढावा लागला. दुसरा अजून घट्ट आहे. परवा ते आले तेव्हा खिशात बिडीबंडल नव्हतं. मी खूश होऊन विचारलं, तर म्हणाले, "सोडली साहेब, महिना झाला." मग तोंड उघडायला सांगितलं. खालच्या ओठामागे तंबाखूची गोळी होती.